परागाचे कवच

चातुर्मास सुरू झाला की जळगाव-धुळ्याच्या औषधविक्रेत्यांसमोर एक प्रश्न हमखास येतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली कॅप्सूल हातात घेऊन गिऱ्हाईक विचारते, "हिचे आवरण कशाचे आहे?" विक्रेता पाकीट उलटसुलट करून पाहतो. औषधाचे नाव, मात्रा, मुदत, किंमत सारे काही छापलेले असते. आवरणाचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरांत कोठेतरी दडलेला असतो. मग काही घरांत कॅप्सूल उघडून आतील पूड पाण्यातून घेतली जाते आणि आवरण टाकून दिले जाते. हा उपाय श्रद्धेच्या दृष्टीने समाधानकारक असला तरी आरोग्याच्या दृष्टीने नेहमी निर्धोक नसतो. काही औषधे जठरातील आम्लात नष्ट होऊ नयेत, काही अन्ननलिकेला भाजू नयेत, तर काही हळूहळू सुटावीत, म्हणूनच ती आवरणात बंद केलेली असतात. आवरण हा त्या औषधाचाच एक भाग असतो. ते काढायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारणे अगत्याचे आहे.

हे आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचे असते. जनावरांची हाडे व कातडी उकळून मिळणारे हे प्रथिन. पॅरिसमध्ये १८३४ साली मोथ्स आणि दुब्लांक यांनी जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट घेतले, तेव्हापासून औषधनिर्मितीने त्याची साथ सोडलेली नाही. स्वस्त, पारदर्शक, शरीराच्या उष्णतेला विरघळणारे आणि यंत्रावर सहज घडणारे असे दुसरे द्रव्य दीर्घकाळ सापडलेच नाही. आता वनस्पतिजन्य पर्याय आहे. सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून हायप्रोमेलोज नावाचे द्रव्य तयार करतात व त्यापासून कॅप्सूल बनते. हे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून मिळते, तसेच सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासूनही मिळते. कापसाच्या खानदेशाला हे ऐकून मौज वाटावी. २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जिलेटिनऐवजी वनस्पतिजन्य कॅप्सूल वापरावी काय, याविषयी मते मागवली होती. तथापि सक्ती झाली नाही. वनस्पतिजन्य कॅप्सूल महाग पडते, हा त्यातील मोठा अडसर. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर शाकाहार-मांसाहाराचे चिन्ह बंधनकारक आहे. डॉक्टरी औषधांवर ते नाही. एकाच दुकानातील, एकाच फळीवरील दोन डब्यांना दोन न्याय लागू होतात, ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवलेली बरी.

परंतु बाहेरची कॅप्सूल बदलली म्हणजे प्रश्न संपला, असे नाही. जीवनसत्त्व अ किंवा ड यांसारखी तेलात विरघळणारी द्रव्ये हवेने व प्रकाशाने लवकर बिघडतात. म्हणून त्यांचे डोळ्यांना न दिसणारे थेंब करून प्रत्येक थेंबाभोवती सूक्ष्म आवरण चढवतात आणि त्याची कोरडी पूड बनवतात. या सूक्ष्म आवरणासाठीही जिलेटिनचा वापर सर्रास होतो. गोळी पांढरीशुभ्र, बाहेर कॅप्सूल नाही, तरीही आत जिलेटिन असू शकते. याच सूक्ष्म आवरणाला पर्याय शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष एका जुन्या, सर्वत्र उधळलेल्या वस्तूकडे गेले. ती वस्तू म्हणजे परागकणांचे आणि बीजाणूंचे कवच.

फुलातील पिवळी धूळ बोटाला लागते, ती झटकली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या धुळीचे रूप पालटते. सूर्यफुलाचा कण काट्यांनी भरलेल्या चेंडूसारखा दिसतो. मक्याचा कण गुळगुळीत, मोठा व एका छिद्राचा. जास्वंद आणि कपाशी या एकाच कुळातील. त्यांचे कण तर एवढे मोठे की तीक्ष्ण नजरेला सुटे दिसावेत. प्रत्येक कणाला दोन आवरणे असतात. आतले मऊ, बाहेरचे कठीण. बाहेरच्या कवचाचे काम एकच: आतील नाजूक जीवद्रव्य ऊन, वारा, कोरडेपणा आणि जंतू यांपासून सांभाळून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवणे. औषधनिर्मात्याला सूक्ष्म कॅप्सूलकडून नेमके हेच हवे असते. शिवाय एका जातीचे सारे कण जवळजवळ एकाच मापाचे असतात. यंत्राने बनवलेल्या सूक्ष्म गोळ्यांत एवढी समानता आणणे खर्चाचे काम आहे.

या संशोधनात सर्वांत अधिक वापरली गेलेली वनस्पती मात्र फुलणारी नाही. लायकोपोडियम ही नेच्याच्या दूरच्या नात्यातील, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. शेवाळासारखी दिसते, पण शेवाळ नव्हे. तिला फुले येत नाहीत. काठीसारख्या टोकांतून फिकट पिवळ्या बीजाणूंची पूड सुटते. होमिओपॅथीची औषधे घेणाऱ्या घरांत हे नाव परिचित असेल. त्या पद्धतीतही एक जुनी नोंद आहे की ही पूड जशीच्या तशी घेतली तर निष्क्रिय असते, खलात दीर्घकाळ घोटून कवच फोडावे लागते. त्या पद्धतीच्या गुणाविषयी मतभेद असू शकतात, पण हे कवच साधेसुधे नाही हे घोटणाऱ्यांच्या मनगटांना फार पूर्वीच कळले होते.

या पुडीने इतर क्षेत्रांतही बरीच मुशाफिरी केली आहे. जुने औषधविक्रेते हाताने गोळ्या वळत, तेव्हा त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ही पूड भुरभुरवत. ज्वालेवर फुंकली तर ती भपकन पेटते, म्हणून रंगभूमीवर विजेचा आभास निर्माण करण्यासाठी ती वापरली गेली. फ्रान्समधील निएप्स बंधूंनी १८०७ साली एक इंजिन बनवले, त्याचे इंधन हीच पूड होती. पुढे त्यांपैकी एकाचे नाव छायाचित्रणाचा जनक म्हणून गाजले. आणि ज्या झेरॉक्सवाचून आज बँकेचे किंवा कचेरीचे एकही काम हलत नाही, त्या झेरॉक्सची पहिली प्रत २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया येथे चेस्टर कार्लसनने काढली ती लायकोपोडियमची पूड भुरभुरवूनच. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा, कापडाने घासून आणलेला विद्युतभार, त्यावर प्रकाश आणि शेवटी ही पूड; मेणकागदावर तारीख व गावाचे नाव उमटले.

खानदेशाशी हिचा संबंध येतो तो औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत. शिरपूर, चोपडा, फैजपूर, धुळे येथील महाविद्यालयांत हा विषय शिकणाऱ्या मुलामुलींना एक जुना प्रयोग ठाऊक असतो. लायकोपोडियमच्या एका मिलिग्रॅममध्ये सरासरी ९४,००० बीजाणू असतात, असा पाठ्यपुस्तकांत स्थिरावलेला आकडा आहे. म्हणजे ग्रॅमला ९ कोटी ४० लाख. आकार एवढा सारखा की मोजणीसाठी त्यावर वजनकाट्याप्रमाणे विसंबता येते. समजा सुंठीच्या पुडीत भेसळ आहे काय, हे पाहायचे आहे. ठरावीक वजनाच्या सुंठीत ठरावीक वजनाचे लायकोपोडियम मिसळायचे, तेलकट द्रवात ते सारखे करायचे, एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंची मोजणी करायची. ९४ बीजाणू मोजले गेले की सहस्रांश मिलिग्रॅम लायकोपोडियम डोळ्यांखालून गेले. तेवढ्याच क्षेत्रात सुंठीचे पिष्टकण किती दिसले, त्यावरून त्रैराशिक मांडले की उत्तर मिळते. शुद्ध सुंठीत मिलिग्रॅमला २,८६,००० पिष्टकण धरतात. त्याहून फार कमी भरले तर पुडीत सुंठीखेरीज काही मिसळले आहे हे उघड. बाजारात मसाल्याच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करणाऱ्या माणसाला ही रीत मनापासून आवडेल. ज्या पुडीने आजवर मापाचे काम केले, तीच आता पात्राचे काम करू पाहत आहे.

या कवचाचे द्रव्य कोणते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे पुरला. १८१४ साली योहान याने परागाच्या न विरघळणाऱ्या भागाला 'पोलेनिन' म्हटले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झेट्शे या रसायनशास्त्रज्ञाने परागाचे आणि बीजाणूंचे द्रव्य एकच आहे असे दाखवून 'स्पोरोपोलेनिन' हे जोडनाव रूढ केले. त्यापुढे गाडी अडली. एखाद्या पदार्थाची रचना जाणायची तर तो आधी विरघळवावा लागतो. आणि हा तर आम्लात विरघळेना, अल्कलीत विरघळेना, जंतूंना पचेना. अगदी अलीकडे, २०१९ च्या सुमारास, अमेरिकेत केंब्रिज येथील संशोधकांनी पाइनच्या परागावर काम करून बऱ्याच अंशी उकल केली. त्यांना दिसले की लांब साखळ्या एकमेकींना दोन प्रकारच्या बंधांनी जखडलेल्या आहेत. एक प्रकार अल्कलीने तुटतो, पण आम्लाला दाद देत नाही. दुसरा आम्लाने तुटतो, पण अल्कलीपुढे अभेद्य राहतो. लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या हातांत असतात, तसाच हा प्रकार. एका वेळी एकच किल्ली चालवून दार उघडत नाही. या साखळ्यांत सूर्यकिरणांतील जंबुपार भाग शोषणारे घटकही गुंफलेले असतात, म्हणून आतील द्रव्याचे उन्हापासून रक्षण होते.

या टिकाऊपणाचा पुरावा खडकांत आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोळशात आणि गाळात लाकूड ओळखू येत नाही, पाने नाहीशी झालेली असतात, पण बीजाणूंची कवचे जशीच्या तशी मिळतात. लखनौ येथील बिरबल साहनी संस्थेत १९४६ पासून हाच अभ्यास चालतो. खानदेशची काळी माती ज्या बसाल्टपासून झाली, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांमागून थर पसरत गेला. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळात मध्ये तळी साचली, त्यांत झाडांचा पराग पडला, वर पुन्हा लाव्हा आला. नागपूर-छिंदवाड्याच्या पट्ट्यात अशा मधल्या थरांतून ते परागकण आजही काढले जातात. ते झाड गेले, ते रान गेले, त्या काळचे महाकाय प्राणी गेले. धुळीएवढे कवच राहिले.

आता ते रिकामे कसे करायचे? रूढ पद्धत अशी. प्रथम अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने तेलकट भाग काढतात. मग अल्कलीत उकळतात, त्यात आतील मऊ आवरण व प्रथिने निघतात. त्यानंतर फॉस्फरिक आम्लात दीर्घकाळ ठेवतात. शेवटी पाणी, सौम्य आम्ल, अल्कली, अल्कोहोल यांनी पुनःपुन्हा धुवून वाळवतात. सूर्यफुलाच्या परागाला एवढा सायास लागत नाही. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ च्या सुमारास दाखवले की केवळ आम्लाची काही तासांची प्रक्रिया त्याला पुरते. काम नीट झाले की नाही, याची कसोटी सोपी आहे. प्रथिनात नायट्रोजन असतो, कवचात तो नसतो. उरलेल्या पुडीत नायट्रोजन सापडला नाही तर आत प्रथिन शिल्लक नाही. ही कसोटी केवळ शास्त्रीय नेटकेपणासाठी नाही. परागाची अ‍ॅलर्जी होते ती त्याच्या प्रथिनांमुळे. पडीक जागी आणि रस्त्यांच्या कडेला माजलेल्या गाजरगवताने ज्यांची त्वचा फुटते किंवा दमा बळावतो, अशा रुग्णांना 'परागाचे औषध' हे शब्दच भयप्रद वाटतील. कच्चा पराग आणि धुतलेले कवच यांत मोठे अंतर आहे, परंतु ते अंतर प्रत्येक घाण्यात, प्रत्येक वेळी तपासूनच सिद्ध झाले पाहिजे. बाजारात शक्तिवर्धक म्हणून विकला जाणारा पराग हा कच्चा असतो. त्याची गल्लत या संशोधनाशी करू नये.

रिकामे कवच भरण्याची क्रियाही पाहण्यासारखी आहे. कवचाची भिंत लायकोपोडियममध्ये दीड-एक मायक्रॉन जाडीची, आणि पूर्ण कण २५ ते ३० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान. भिंतीत अतिसूक्ष्म वाहिन्या असतात. तेलात किंवा औषधाच्या द्रावणात कवचे टाकली आणि हवा ओढून घेतली की द्रव त्या वाहिन्यांतून आत शिरतो. पूड दाबून वडी केली तरी कवचे फुटत नाहीत, रबरी चेंडूसारखी चेपतात. द्रवात सोडली की फुगून मूळ आकार घेतात आणि फुगताना द्रव शोषतात. चिकट तेल अशा रीतीने कोरड्या पुडीत रूपांतरित होते.

या संशोधनाचे एक मोठे केंद्र म्हणजे इंग्लंडमधील हल विद्यापीठ. ग्रॅहम मॅकेन्झी आणि स्टीफन अ‍ॅटकिन यांच्या गटाने २००९-१० च्या सुमारास काही लक्षणीय निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉड माशाच्या यकृताचे तेल कवचात भरून माणसांना चाखायला दिले, तेव्हा त्याची कुप्रसिद्ध चव झाकली गेली. माशाच्या तेलातील एक उपयुक्त मेदाम्ल कवचातून दिल्यास रक्तात अधिक प्रमाणात उतरते, असेही त्यांना आढळले. आणखी एका प्रयोगात मेंदूच्या वगैरे चुंबकीय चित्रणासाठी लागणारे द्रव्य भरून कवचे मानवी रक्तद्रवात ठेवली. जी कवचे खडकात कोट्यवधी वर्षे टिकतात, ती तेथे थोड्याच वेळात विघटित झाली. रक्तातील विकरांना त्या दोन किल्ल्या ठाऊक असाव्यात. औषधाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट, कारण जे पात्र शरीरात कधीच उघडणार नाही, ते कितीही सुबक असले तरी निरुपयोगी. अमेरिकेत टेक्सास येथे उंदरांवर झालेल्या कामात अशा कवचांतून तोंडावाटे लस देण्याचीही चाचपणी झाली. तरीही प्रयोगशाळेतील उंदीर आणि दवाखान्यातील रुग्ण यांच्यात अनेक वर्षांची वाट असते, आणि त्या वाटेवर बहुतेक गोष्टी मध्येच थांबतात.

वाचकांच्या मनात येथे शंका आलीच असेल. कवच वनस्पतीचे, पण आत माशाचे तेल! खरे आहे. पात्र शुद्ध असले म्हणून आतला पदार्थ शुद्ध होत नाही. मात्र हेच पात्र जवसाच्या तेलालाही चालेल. जवसाच्या चटणीचे गुण घरोघरी सांगितले जातात. त्याचे तेल मात्र लवकर खवट होते, हा त्याचा दोष. कवचात ते हवा आणि उजेड यांपासून सुरक्षित राहू शकते. जवसातील मेदाम्लाचे शरीरात माशाच्या तेलातील मेदाम्लात रूपांतर होते, पण अल्प प्रमाणात. त्याला शाकाहारी पर्याय म्हणून शैवालापासून काढलेले तेल बाजारात आले आहे. तेथेही काही घरे थबकतात, कारण शेवाळ अनंतकायात गणले जाते. विज्ञान 'वनस्पतिजन्य' असा शिक्का मारून मोकळे होते. श्रावकाचा विवेक त्यापुढची विचारणा करतो, आणि ती करण्याचा त्याला अधिकार आहे.

अशीच विचारणा परागाविषयीही करावी लागेल. संशोधनासाठी लागणारा सूर्यफुलाचा किंवा मोहरीवर्गीय पिकांचा पराग किलोच्या मापाने मिळतो, तो बहुधा मधमाश्यांकडून. पेटीच्या दारात अशी जाळी बसवतात की आत शिरताना माशीच्या मागच्या पायांवरील परागाची गोळी घासून खाली पडावी. तो पराग मधमाशीने आपल्या पिलांसाठी आणलेला असतो. साधूच्या गोचरीला भ्रमराची उपमा दिली जाते. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात ती आहे. फुलाला इजा न करता भ्रमर थोडेसे घेतो, हा तिचा आशय. येथे भ्रमराकडूनच घेतले जाते. मध वर्ज्य मानणाऱ्यांना अशा परागापासून बनलेले कवच चालावे काय, याचे उत्तर रसायनशास्त्र देणार नाही. कवच कितीही धुतले, तरी ते कोठून आले हा प्रश्न धुतला जात नाही. म्हणून वाऱ्यावर पराग उधळणाऱ्या वनस्पतींचा विचार अधिक सोयीचा ठरतो, कारण त्यांचा पराग थेट गोळा करता येतो.

खानदेश या बाबतीत मोठा मजेशीर प्रदेश आहे. त्याची ओळख ज्या केळीने, त्या केळीचा येथे काहीच उपयोग नाही. रावेर-यावलच्या बागांतील केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे तिचा पराग बहुतांशी वांझ. फळ परागाविनाच धरते, म्हणून तर त्यात बी नसते. लाखो खोडे उभी असूनही या कामासाठी तो जिल्हा रिकामाच. उलट, कोणाचे लक्षही जात नाही असे पाणकणीस तळ्याकाठी आणि पाटाच्या गाळात दाटून उगवते, त्याच्या कणसातून वाऱ्यावर पिवळा पराग उडतो, आणि परदेशांतील प्रयोगांत त्याची कवचे वापरली गेली आहेत. ओढ्याकाठची शिंदी ही खजुराची बहीण; खजुराच्या परागावरही असे काम झाले आहे. सूर्यफूल पूर्वी राज्यात बरेच दिसे, आता त्याचे क्षेत्र पुष्कळ आटले.

राहिला मका. जळगाव-धुळ्यात खरिपात आणि रब्बीत मक्याची शेते पसरलेली असतात. सकाळी दव वाळल्यावर तुऱ्यांतून पराग झडू लागतो, पानांच्या बेचक्यांत पिवळा थर साचतो. एवढी संपत्ती मातीत जाते, असे कोणाच्याही मनात यावे. परंतु हिशेब मांडून पाहावा. एका तुऱ्यातून जेमतेम एक-दोन ग्रॅम पराग मिळतो आणि तो आठवडाभर थोडाथोडा सुटतो. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये करतात तसे तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधून, रोज सकाळी झटकून तो गोळा करावा लागेल. किलोभर परागासाठी पाचशे ते हजार तुरे. त्यात कवचाचा वाटा वजनाने लहान. गवताच्या कुळातील परागाचे कवच तर आणखीच पातळ. म्हणजे हजार तुरे हाताळून हाती पडणार काही तोळे. त्यावर द्रावक, आम्ल, पाणी, वीज आणि वापरलेल्या आम्लाची विल्हेवाट हा खर्च. मजुरीचे आजचे दर पाहता हा व्यवहार ताळेबंदात बसत नाही. तो बसायचा असेल तर पराग ओढून घेणारे यंत्र हवे, कमी आम्लात काम भागवणारी रीत हवी आणि मुख्य म्हणजे कवच विकत घेणारा खात्रीचा कारखाना हवा. यांपैकी काही गोष्टींवर जगात काम चालू आहे. सिंगापूरच्या त्याच विद्यापीठात नाम-जून चो यांच्या गटाने २०२० साली साबण बनवण्याच्या जुन्या रीतीशी मिळतीजुळती प्रक्रिया वापरून कठीण पराग मऊ लगद्यासारखा केला आणि त्यापासून कागदही बनवला.

हा हिशेब एवढ्या तपशिलाने मांडण्याचे कारण आहे. सफेद मुसळी, एमू, कोरफड अशा लाटा राज्यातील शेतकऱ्यांनी पाहिल्या. रोपे किंवा पिले महाग विकायची, माल परत घेण्याचा कागद लिहून द्यायचा आणि माल तयार झाला की कार्यालयाला कुलूप, हा प्रकार अनेक ठिकाणी घडला. उद्या कोणी रंगीत पत्रक घेऊन 'परागाची शेती, परतखरेदीची हमी' म्हणत दारी आला तर त्याला तीन कागद मागावेत. माल घेणाऱ्या औषध कारखान्याचा करार. त्या कारखान्याचा औषधनिर्मितीचा परवाना. आणि पदार्थ खाण्यासाठी असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मान्यता, कारण ज्याच्या खाण्याचा इतिहास नाही अशा पदार्थाला २०१७ च्या नियमांनुसार आधी मंजुरी घ्यावी लागते. तीनपैकी एकही कागद नसेल तर चहा पाजून निरोप द्यावा.

खरे काम व्हायचे ते प्रयोगशाळेत. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून उभे आहे, तापीकाठी औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत, पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून काम करते. पाणकणसाचा पराग कोणत्या महिन्यात, किती, कोणत्या पाण्याकाठी मिळतो. शिंदीचा मोहर केव्हा येतो. त्यांच्या कवचात किती जवसतेल मावते आणि मेच्या उन्हात ठेवल्यास ते किती दिवस खवट होत नाही, हे प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. सूक्ष्मदर्शक, तोलकाटा आणि ९४,००० चा तो जुना आकडा हाताशी आहेच.

तोपर्यंत कॅप्सूलबद्दल शंका असलेल्या रुग्णाने करण्याजोगी गोष्ट साधी आहे. पाकिटावर किंवा सोबतच्या घडीपत्रकात घटकद्रव्यांची यादी असेल तर तीत 'जिलेटिन' आणि 'हायप्रोमेलोज' हे दोन शब्द शोधावेत. यादी नसल्यास विक्रेत्यामार्फत कंपनीकडे लेखी विचारणा करावी. तेच औषध गोळीच्या किंवा पातळ औषधाच्या रूपात मिळते काय, हे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळ वेळा ते मिळते, केवळ कोणी विचारलेले नसते.